पान सोडायची वेळ

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात कोजागिरीच्या रात्री गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. वक्ते बी विंगमधील ज्येष्ठ सभासद असून ते वृत्तपत्रात उपसंपादक होते. भाषण मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले होते. उतरवून घेताना बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे. ‘नाव घालू नका, सगळ्यांना ठाऊक आहे,’ असे त्यांचे म्हणणे पडले. – स्मरणिका समिती)



मला विषय दिलाय, ‘आजच्या काळात आनंदी कसे राहावे’. सचिवांनी चिठ्ठी आणून दिली तेव्हा मी त्यांना म्हटलं, अहो, हा विषय एखाद्या बुवांना द्या, नाहीतर डॉक्टरांना द्या. मी एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्रपाळ्या केल्या. म्हणजे लोकांची सकाळ बिघडवायचं काम मी पगार घेऊन केलंय. तर ते म्हणाले, म्हणूनच तुम्ही. आता तिकडे दूध आटतंय, तोवर मी बोलतो. नऊच्या आत मला थांबायचंच आहे.

सुरुवात आपल्या सोसायटीपासून करतो. २००० साली आपण इथे राहायला आलो. डोंबिवलीत तोवर मी चाळीत राहिलेला माणूस. ब्लॉकमध्ये आल्यावर दार लावून घ्यायचं असतं, हे शिकायला मला वेळ लागला. पहिले काही महिने आपण एकमेकांना भेटायचो ते जिन्यात, नाहीतर पाण्याच्या टाकीवरून झालेल्या भांडणात.

२६ जानेवारी २००१ ला आपलं पहिलं झेंडावंदन होतं. वेळ साडेआठची, म्हणून पावणेनऊ झाले. दोरीची गाठ सुटत नव्हती. आम्ही वीस-पंचवीस जण माना वर करून उभे, आणि एकदम ए विंगच्या जिन्यातून बायकामुलं धावत खाली आली. सहाव्या-सातव्या मजल्यावर पंखे झुलले होते, ताटाळ्यातली ताटं वाजली होती. खाली उभ्या असलेल्या आम्हाला काहीच जाणवलं नव्हतं. भूकंप झाला होता कच्छमध्ये, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी. वर जायला कुणी तयार होईना. दुपारी एकपर्यंत सगळी बिल्डिंग खाली. शेवटी कुणीतरी धीर करून वर गेलं आणि पातेलंभर पोहे करून घेऊन आलं. त्या दिवशी मला माझ्याच विंगमधल्या निम्म्या लोकांची नावं कळली.

दुपारनंतर बातम्या यायला लागल्या. सी विंगमधलं कच्छी कुटुंब जुन्या लोकांना आठवत असेल, आता ते मुलुंडला गेले. त्यांचं सगळं गणगोत भचाऊच्या बाजूला. फोन लागेना. आपल्यातल्या तीन-चार बायका रात्रभर आळीपाळीनं त्यांच्याकडे बसल्या. नंबर फिरवायचा, ठेवायचा, परत फिरवायचा. त्या घरात टीव्ही बंद होता. बघवत नाही म्हणून नव्हे. टीव्हीच्या आवाजात फोनची घंटी ऐकू येणार नाही म्हणून.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. काही वाचले होते, काही नव्हते. आठवड्याच्या आत आपल्या तिन्ही विंगांतून ब्लँकेटं, भांडी, कपडे गोळा झाले, आणि ते घेऊन त्या घरातला मुलगा ट्रकबरोबर स्वतः गेला. मी हे मुद्दाम आधी सांगतोय. पुढे मी जे बोलणार आहे त्याचा अर्थ ‘जगात काय वाटेल ते होवो, आपण आपलं दूध प्यावं’ असा कुणी काढू नये.

आता माझ्या धंद्याचं. आमच्याकडे पीटीआय आणि यूएनआयची टेलिप्रिंटर यंत्रं होती. रात्रभर खडखडत कागदाचं भेंडोळं बाहेर टाकायची. जगात जिथे म्हणून काही मोडलं, बुडालं, पेटलं, ते सगळं इंग्रजीतून त्या भेंडोळ्यावर. आम्ही ते फाडायचं, निवडायचं, मराठीत करायचं, मथळा द्यायचा. एकतीस वर्षांत ‘७.५२ ची लोकल ७.५२ ला सुटली’ ही बातमी मी एकदाही केली नाही. ती रोज घडत होती. बरं, रोज नाही, पण बऱ्याचदा घडत होती. त्या गाडीतली माणसं संध्याकाळी घरी पोचत होती, जेवत होती, त्यांना अंकात जागा नव्हती. डबा घसरला की पहिलं पान. यात लबाडी काही नाही. घर नीट चाललंय हे कुणी ओरडून सांगत नाही, दूध उतू गेलं की ओरडतात. पण दिवसभर नुसता ओरडाच ऐकत बसलं तर वाटायला लागतं की या घरात दूध उतूच जातं, पीत कुणी नाही.

२६ जुलै २००५ चं सांगतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मी दुपारी कामावर निघालेलो, लोकल घाटकोपरच्या अलीकडे अडकली ती अडकलीच. अंधार पडल्यावर रुळांवरून चालत निघालो. एका चाळीत एका बाईंनी हाक मारून आत घेतलं, चहा दिला, आणि आपल्या मुलाचा कोरडा शर्ट दिला. त्यांच्याही घरात पायरीपर्यंत पाणी आलं होतं. दोन दिवसांनी कचेरीत पोचलो आणि मथळा केला तो ९४४ मिलिमीटरचा. तो करायलाच हवा होता. शर्टाची बातमी होत नाही. महिन्याभरानं धुऊन, इस्त्री करून परत द्यायला गेलो तर मला ते घरच सापडेना. सगळ्या चाळी सारख्या दिसतात. तो शर्ट अजून आमच्या कपाटात आहे.

म्हणून बातम्या नकोतच, असं म्हणणारा मी नाही. मी नोकरीला लागलो १९७५ साली, आणि जूनमध्ये आणीबाणी आली. बातम्यांवर सेन्सॉर बसला. काही वर्तमानपत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. त्यानंतर कित्येक महिने अंक वाचायला फार सुखाचा असायचा. गाड्या वेळेवर, सगळीकडे शिस्त, सगळं छान. आणि माणसं कचेरीच्या दारात येऊन हळूच विचारायची, साहेब, खरं काय चाललंय? निव्वळ चांगल्या बातम्यांचा अंक कसा लागतो ते मी चाखलंय. त्यापेक्षा वाईट बातम्या परवडल्या.

पण त्या काळी एक सोय होती. पान सोडायची. जुळणी झाली, प्रूफं वाचून झाली, की पाळीचा मुख्य माणूस सही करून पान छपाईला पाठवतो. त्याला आमच्यात म्हणतात पान सोडणं. सोडलं की सोडलं. त्यानंतर आभाळ कोसळलं तरी ते उद्याच्या अंकात. मग व्हीटीला धावत जाऊन शेवटची गाडी गाठायची. ती चुकली तर टेबलावर रद्दीची उशी करून आडवं व्हायचं आणि पहाटेची पहिली पकडायची.

१९९३ ची अनंत चतुर्दशी. रात्रभर मिरवणुकांच्या बातम्या, फोटो. पान सोडलं, गाडी गेलेली, टेबलावर झोपलो. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना, किल्लारीची जमीन हलली. तोवर आमच्या पहिल्या पानावर विसर्जनाची गर्दी छापून गठ्ठे बाहेर पडले होते. मी पहिल्या गाडीनं घरी आलो, अंघोळ करून झोपलो, आणि उठल्यावर रेडिओवर ऐकलं. पुढचे पंधरा दिवस किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं, ते फोटो, त्या याद्या माझ्या हातांखालून गेल्या. रोज रात्री वाटायचं, उद्या घास उतरणार नाही. आणि रोज सकाळी घरी आलो की ही म्हणायची, पाणी तापलंय. मुलगी शाळेला निघालेली असायची. तिच्या वेण्या घालणं चालू असायचं, रिबिनीचं एक टोक मला धरायला सांगायची. मी धरायचो. रात्री पान सुटलेलं असायचं म्हणून सकाळी हात मोकळा होता. त्या वेळी हे कळलं नव्हतं हो. मला वाटायचं मी खंबीर आहे.

मी खंबीर नव्हतो, हे निवृत्तीनंतर समजलं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मुलीनं दिलेला स्मार्टफोन माझ्या हातात होता. जुन्या घोड्याला बिगुल ऐकू आल्यासारखं झालं. रोज संध्याकाळचे आकडे मी वहीत लिहायला लागलो. राज्याचे, जिल्ह्याचे, कल्याण-डोंबिवलीचे. नवे रुग्ण, बरे झालेले, गेलेले. रकाने आखून, लाल आणि निळ्या शाईत. ती वही कुणी मागितली नव्हती. साथ ओसरली, सवय राहिली. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि मला नवा उद्योग मिळाला. पहाटे पाचला टीव्ही, हातात फोन, जेवताना फोन, रात्री उशाशी फोन. या यंत्रात पान सोडायची सोयच नाही. बोटानं वर सरकवायचं, की खालून नवीन काहीतरी येतंच. टेलिप्रिंटरचा कागद तरी संपायचा. शिपाई नवा रोल घालीपर्यंत आमचा चहा व्हायचा.

आता जे सांगतो ते हिला विचारून सांगतोय. ती दुसऱ्या रांगेत बसली आहे.

आमची ही शब्दकोडं सोडवणारी. चाळीस वर्षं रोज सोडवलंय, तेही पेनानं. २०२२ च्या पावसाळ्यानंतर कधीतरी तिनं ते बंद केलं. मी विचारलं, का गं? म्हणाली, कंटाळा आला. मी बरं म्हणून टीव्हीकडे वळलो. मग चहा कपाच्या बाहेर सांडायला लागला. चौकटीला तिचा डावा खांदा लागायचा. संध्याकाळी फडके रोडला चक्कर मारायची, ती थांबली. म्हणाली, रिक्षावाले कसेही अंगावर येतात. मला पटलं, कारण रिक्षावाले खरंच येतात. २०२३ च्या मे महिन्यात मुलगी सुट्टीला आली. दोन दिवस राहिली आणि तिसऱ्या दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी बरोबर गेलो.

काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांना, डाव्याला जास्त. डॉक्टरांनी नीट समजावलं. मोतीबिंदू काढला की नजर परत मिळते, पण हा तसला नव्हे. यात डोळ्यातला दाब वाढत जातो आणि मागची नस मरत जाते. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. आधी नजरेची कड जाते, समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला स्वतःलाही उशिरा कळतं. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी राखता येते. (चाळिशी उलटलेल्यांनी डोळ्यांचा दाब तपासून घ्या. ज्यांच्या आईवडिलांना असेल त्यांनी तर नक्कीच. हे भाषणात बसत नाही, पण सांगून टाकतो.)

मग डॉक्टरांनी मला विचारलं, आजोबा, घरात हे कधीपासून जाणवतंय?

मंडळी, त्याच सुमारास बाख्मुत पडलं होतं. बाख्मुत नकाशावर कुठे आहे, त्याच्या कुठल्या अंगाला काय आहे, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर रोज बसणाऱ्या बाईला डावीकडचं दिसत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मी गप्प बसलो. हिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांना म्हणाली, माझ्याच लक्षात आलं नाही हो, ह्यांच्या कुठून येणार?

परत येताना रिक्षात मी तिला म्हटलं, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, दोनदा बोलले. एकदा तुम्ही ‘हं’ म्हणालात. दुसऱ्यांदा ‘श्श्’ केलंत, ब्रेकिंग न्यूज होती.

घरी आल्यावर ती आकड्यांची वही रद्दीत टाकली. फोनही फेकून दिला, असं म्हणालो असतो तर टाळ्या पडल्या असत्या. पण फोन महाग आहे, आणि थेंबांचा गजर त्यातच लावलाय.

सध्याची आमची व्यवस्था सांगतो. सकाळी वर्तमानपत्र येतं ते मी हिला मोठ्यानं वाचून दाखवतो. मथळे सगळे. कुठली बातमी पूर्ण वाचायची ते ती सांगते. एकतीस वर्षं मी लोकांसाठी बातम्या निवडल्या, आता माझ्या बातम्या ही निवडते, आणि तिची निवड माझ्यापेक्षा चांगली आहे. युद्ध चुकवत नाही. वाचायला लावते. पण तिसऱ्या परिच्छेदाला म्हणते, कळलं, माणसं मरतायत, पुढे? मग भाजीचे भाव, मग कुणाचे सत्कार, मग कोडं. मी सूचना वाचायची, चौकोन किती ते सांगायचं, तिनं उत्तर द्यायचं. मला एखादं आधी सुचलं तरी गप्प बसायचं, हा नियम तिनं केलाय. पाऊण तासानं ती हात पुढे करते, मी अंकाची घडी घालून तिच्या हातात देतो, आणि ती तो चाचपून रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवते. पान सुटलं. संध्याकाळी सातच्या बातम्या मी अजून बघतो, खोटं कशाला बोलू. पण ‘श्श्’ करायला बंदी आहे.

आता फळ्याचं. त्यावर तक्रार अर्ज आला होता आणि त्याचा खुलासा मी सभेत नीट केला नव्हता.

गेटजवळचा आपला फळा. पाणी कधी येणार नाही, लिफ्ट कधी बंद, मेंटेनन्स कुणी भरला नाही, एवढंच त्यावर यायचं. माझी दिवसभराची सवय मोडलेली, हात शिवशिवत होते. म्हटलं, रोज एक ओळ लिहू या, ‘आजची बातमी’. नियम असे की बातमी आपल्या कुंपणाच्या आतली हवी आणि मी स्वतः खात्री केलेली हवी. आणि कुणाचे टक्के, कुणाची नवी गाडी, कुणाचं परदेश, असलं काही घ्यायचं नाही. त्यासाठी आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप समर्थ आहे.

पहिल्या दिवशी खडू हातात घेऊन मी वीस मिनिटं उभा. जन्मभर बातम्या केलेल्या माणसाला आपल्या अंगणातली एक बातमी दिसेना. शेवटी लिहिलं, ‘आज विशेष काही घडले नाही.’ संध्याकाळी तीन मुलं दारात. आजोबा, तुम्ही चुकीचं लिहिलंय, मीटर रूममध्ये मांजरीला चार पिल्लं झालीयेत. मी खाली जाऊन खात्री केली. पाच होती. दुसऱ्या दिवशी खुलाशासह बातमी दिली.

मग दिसायला लागलं. ‘बकुळीचा पहिला सडा पडला. सफाईच्या मावशींनी तो न झाडता गणपतीपुढे ठेवला.’ ‘सायकल शिकणाऱ्या मुलाचा हात वडिलांनी सोडला आहे. मुलाला अद्याप माहीत नाही.’ ‘सातव्या मजल्यावरच्या आजींनी गच्चीवर कुरडया घातल्या. कावळे दोन, राखणदार सहा.’ सर्वांत जास्त लोक कुठल्या बातमीला थांबले, सांगू? ‘बी विंगची लिफ्ट सलग नऊ दिवस चालू.’ ती वाचून दहाव्या दिवशी लिफ्ट बंद पडली आणि दृष्ट लावल्याचा आळ माझ्यावर आला.

तर अर्ज आला, की सूचना फलकाचा वापर समितीच्या ठरावाशिवाय होत आहे. मुद्दा कायद्याला धरून होता. आपली वार्षिक सर्वसाधारण सभा बघितली की मला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा हेवा वाटतो. तिथे नकाराधिकार फक्त पाच जणांना आहे. पण ठराव झाला, सर्वानुमते, आणि फळ्याचा खालचा डावा कोपरा मला मिळाला. अर्ज देणारे सभासद रोज सकाळी फिरायला निघताना तो कोपरा वाचून जातात. मी चौथ्या मजल्यावरून बघतो.

मागच्या आठवड्यात मात्र आपल्यातल्याच एका कॉलेजच्या मुलीनं मला कट्ट्यावर गाठलं. आजोबा, गाझामध्ये लहान मुलं उपाशी आहेत आणि आपण इथे मांजरीच्या पिल्लांच्या बातम्या लिहायच्या, हे बरं दिसतं का? प्रश्न चांगला आहे आणि माझ्याकडे त्याचं गुळगुळीत उत्तर नाही. मी तिला माझ्या वहीचं सांगितलं. तीन वर्षं मी दुःखी होतो, अगदी मनापासून. त्या दुःखानं कुणाला पेलाभर पाणी मिळालं नाही, आणि माझ्याच घरात एक माणूस चाचपडत होतं. २००१ ची ब्लँकेटं मात्र पोचली होती. ती म्हणाली, मग आता ब्लँकेटं कुठे पाठवायची ते सांगा. ते मला सांगता आलं नाही. तिचा राग कमी व्हावा असं मला मुळीच वाटत नाही, तिनं रात्री झोपावं एवढंच वाटतं. मी तिला वर घेऊन आलो. हिनं थालीपीठं लावली होती. ती तीन खाऊन गेली. जाताना हसत होती, आणि प्रश्न होता तिथेच होता.

तिला एक गोष्ट सांगायची राहून गेली, ती आत्ता सांगतो. ए-३०२ च्या वहिनींची परवानगी घेतली आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. वहिनींचा मुलगा मर्चंट नेव्हीत. त्या माझ्याकडे आल्या. काका, तुम्ही वर्तमानपत्रात होतात, खरं काय ते सांगा. मी माझ्या सगळ्या ज्ञानासकट गप्प. शेवटी एवढंच सांगता आलं की बऱ्याच कंपन्या आता सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जहाजं नेतायत. रस्ता लांबचा, दहा-बारा दिवस जास्त, पण त्या धोक्यापासून दूर. त्यांनी बोटांवर मोजलं. म्हणजे बंदरातून यायचा त्याचा फोन दहा-बारा दिवस उशिरा आला तर घाबरायचं नाही? म्हटलं, नाही. त्यांना तेवढंच हवं होतं. मी जन्मभरात गोळा केलेल्या बातम्यांतून त्यांच्या कामाचं एक वाक्य निघालं.

मला वाटलं, आता ही बाई रात्रंदिवस टीव्ही लावून बसणार. तिला तर कारण होतं, मला काय होतं? पण त्यांच्या दारात रोज सकाळी रांगोळी. संक्रांतीला तिळाच्या वड्या केल्या, हळदीकुंकू केलं, तिन्ही विंगांत बोलावणं. मी एकदा विचारलं, विचारायला नको होतं, पण विचारलं, तुम्हाला जमतं कसं? तर म्हणाल्या, काका, तो आला की विचारणार, आई, हळदीकुंकू केलंस ना, कोण कोण आलं होतं? त्याला काय सांगू, टीव्ही बघत बसले होते म्हणून?

फेब्रुवारीतली गोष्ट. मी सकाळी खडू घेऊन खाली गेलो तर माझ्या कोपऱ्यात कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं. अक्षर कुणाचं ते मी अजून शोधलेलं नाही. ‘ए-३०२ चा फोन लागला.’ बाकी काही नाही. त्या दिवशी येणारा-जाणारा प्रत्येक जण फळ्यापाशी थांबत होता. पेपरवाला थांबला. अर्ज देणाऱ्या सभासदांनी चष्मा काढून पुसला आणि परत एकदा वाचलं. मी नियमाप्रमाणे खात्री करायला ए विंगमध्ये गेलो. दारात रांगोळी होती. आत कुकरची शिट्टी झाली, आणि वहिनी फोनवर कुणालातरी सांगत होत्या, हो हो, जेवतो म्हणे नीट. मी घंटी न वाजवता परत आलो. बातमी पक्की होती.

तो मुलगा आत्ता सुट्टीवर आहे. तिकडे दूध ढवळतोय तो तोच. अरे, केशर जरा सढळ हातानं टाक.

नऊला पाच कमी आहेत. हिचे थेंब चौथ्या मजल्यावर फ्रिजमध्ये आहेत. लिफ्ट चालू असेल तर दोन मिनिटांत बाटली घेऊन वर येतो, नसेल तर जरा वेळ लागेल. माझा पेला झाकून ठेवा.